ब्रायटन स्ट्रीटवरचं घर आणि काचेवरचं जग



एडिंबरा शहरात विद्यापीठ आणि राष्ट्रीय संग्रहालय यांच्या अगदी जवळ ब्रायटन स्ट्रीट नावाचा एक लहानसा रस्ता आहे. त्या रस्त्यावरच्या सहा क्रमांकाच्या घरावर अलीकडच्या वर्षांत एक स्मृतिफलक बसला. स्कॉटलंडच्या ऐतिहासिक वारशाची देखभाल करणाऱ्या सरकारी संस्थेने तो बसवला. या घरात जॉन थॉमसन नावाचा छायाचित्रकार लहानाचा मोठा झाला. जन्म 1837, मृत्यू 1921. सिंगापूर, सयाम, कंबोडिया, व्हिएतनाम, हाँगकाँग, तैवान आणि चीन हा सारा मुलूख त्याने काचेच्या पट्ट्या आणि रसायनांच्या बाटल्या बरोबर घेऊन पालथा घातला. नंतर लंडनच्या रस्त्यावरची गरिबी त्याच कॅमेऱ्याने टिपली. आजच्या व्याख्यानाचा विषय हा माणूस आणि हा फलक.

घरांवर फलक लावायची प्रथा ब्रिटनमध्ये चांगली दीडशे वर्षांची आहे. लंडनमध्ये 1866 साली तिची योजना झाली आणि पुढच्याच वर्षी कवी बायरनच्या जन्मघरावर पहिला फलक लागला. मराठी माणसालाही हे फलक परके नाहीत. लंडनला गेलेला मराठी प्रवासी किंग हेन्रीज रोडवर दहा क्रमांकाच्या घरासमोर उभा राहतो आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते हे भिंतीवर वाचतो. हॉवली प्लेसमध्ये लोकमान्य टिळकांचं नाव आहे, हायगेटला सावरकरांचं. तिथे उभं राहिल्यावर पाठ असलेलं चरित्र एकदम जमिनीवर येतं. हा जिना, ही खिडकी, या रस्त्यावरून रोज चालत जाणारा एक तरुण. थोर माणसाला त्याच्या गल्लीत परत आणून सोडणं, हे फलकाचं खरं काम.

थॉमसनच्या बाबतीत त्याची गल्ली फार महत्त्वाची आहे. त्याने नाव मिळवलं ते हजारो मैलांवर. हाँगकाँगमधला त्याचा स्टुडिओ, लंडनमधलं बकिंगहॅम पॅलेस रोडवरचं दुकान ही त्याच्या कीर्तीची ठिकाणं. ब्रायटन स्ट्रीटवर तो कुणीच नव्हता. तरीही फलकासाठी हेच घर योग्य आहे, कारण ज्या गुणांच्या बळावर त्याने आशियातली जंगलं तुडवली ते गुण इथेच, या घराच्या आसपास घडले.

वडील विल्यम थॉमसन तंबाखू वळून विकणारे व्यापारी. नऊ भावंडांत जॉन आठवा. अशा घरात विद्यापीठाचा खर्च परवडणारा नव्हता. शाळा संपल्यावर त्याला जेम्स ब्रायसन या प्रकाशीय आणि वैज्ञानिक उपकरणं बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवलं. भिंगं घासायची, पितळी नळ्या जुळवायच्या, मोजमापाची उपकरणं तपासायची. दिवसभर हे काम आणि संध्याकाळी कष्टकऱ्यांसाठी चालणाऱ्या वॉट इन्स्टिट्यूशनमध्ये तास. तिथे त्याने पदार्थविज्ञान, गणित, रसायनशास्त्र या विषयांची प्रमाणपत्रं मिळवली. पुढे ज्या दोन गोष्टींनी त्याला तारलं त्या याच: भिंगाची जाण आणि रसायनाची जाण.

शिवाय ते शहर एडिंबरा होतं. इंग्लंडमध्ये टॅल्बटच्या कागदी निगेटिव्हच्या पद्धतीवर पेटंट होतं, स्कॉटलंडला ते लागू नव्हतं. त्यामुळे 1843 पासून डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट अ‍ॅडम्सन या जोडीने याच शहरात मोकळेपणाने छायाचित्रं काढली. पाद्री, प्राध्यापक, आणि न्यूहेवन बंदरावरच्या कोळिणीसुद्धा. टोपल्या घेतलेल्या त्या बायका, जाळ्यांपाशी बसलेले कोळी. थॉमसन त्या वेळी पाच-सहा वर्षांचा होता. कॅमेऱ्यासमोर गरीब माणूसही मानाने बसू शकतो, हे दाखवणारं काम त्याच्या गावात त्याच्या लहानपणीच होऊन गेलं होतं.

एप्रिल 1862 मध्ये तो सिंगापूरला निघाला. थोरला भाऊ विल्यम तिथे आधीच घड्याळं दुरुस्त करत होता आणि फोटोही काढत होता. दोघांनी मिळून जहाजांसाठी लागणाऱ्या कालमापक घड्याळांचा आणि उपकरणांचा धंदा मांडला. त्याच्या जोडीला फोटो स्टुडिओ. युरोपीय व्यापारी येत, खुर्चीत बसत, चित्र मायदेशी पाठवत. पोट चालायला तेवढं पुरेसं होतं. पण थॉमसनचं लक्ष खुर्चीपेक्षा दाराबाहेर होतं. तो मलाक्काला गेला, पेनांगला गेला, तिथल्या मळ्यांत आणि गावांत हिंडला.

त्याचे पाय हिंदुस्थानलाही लागले. 5 ऑक्टोबर 1864 रोजी कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आदळलं. हुगळीत समुद्राचं पाणी घुसलं, जहाजं एकमेकांवर आपटून फुटली, हजारो माणसं मेली. या विध्वंसाची छायाचित्रं घ्यायला थॉमसन आला. त्या काळी हिंदुस्थानात कॅमेरा नवा राहिलेला नव्हता. मुंबईत 1854 सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या सोसायटीत सक्रिय होते आणि स्वतः उत्तम छायाचित्रं घेत. हरिश्चंद्र चिंतामण यांचा स्टुडिओ मुंबईत नावाजलेला होता. मराठी डॉक्टर आणि स्कॉटिश कारागीर, दोघेही एकाच काळात त्याच काळ्या डाग पडलेल्या बोटांनी काम करत होते.

हे काळे डाग कुठून येत, ते जरा जवळून पाहायला हवं. त्याशिवाय थॉमसनच्या साहसाचा अंदाज येत नाही.

फ्रेडरिक स्कॉट आर्चरने 1851 साली जाहीर केलेली ओल्या कोलोडियनची पद्धत थॉमसन वापरत असे. कोलोडियन म्हणजे रसायनाने मुरवलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून केलेला पाकासारखा द्रव. त्यात आयोडीनचा क्षार मिसळलेला. आधी काच घासूनपुसून लख्ख करायची. मग ती एका कोपऱ्याने हातात धरून मधोमध द्रव ओतायचा आणि काच हलकेच कलती करत तो चारी कोपऱ्यांपर्यंत पोचवायचा. तवा फिरवून पातळ घावन सारखं करावं, तसा. उरलेला थेंबही परत बाटलीत उतरवायचा. कुठे जाड, कुठे पातळ झालं की चित्र गेलं. थर जरा चिकटसर झाला की अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. मिनिटा-दोन मिनिटांत तिच्यावर दुधाळ साय धरते. आता ती प्रकाशाला जागी झालेली असते. ओली असतानाच ती बंद चौकटीत घालायची, कॅमेऱ्यापाशी धावायचं, लेन्सवरचं झाकण काढून मनात सेकंद मोजायचे, झाकण लावायचं आणि पुन्हा तंबूत पळायचं. तिथे डेव्हलपरचा एकच सलग ओघ काचेवर सोडायचा. काही क्षणांत चित्र वर येतं. मग पाण्याने धुणं, मग ते पक्कं करायला सायनाइडसारखं जहाल विष, पुन्हा पाणी, शेवटी गरम करून वॉर्निश.

हे सगळं काच वाळायच्या आत. थंड हवेत दहा-पंधरा मिनिटं तरी मिळतात. विषुववृत्ताजवळ ईथर बघता बघता उडून जातो. काळ्या कापडाचा तंबू भट्टीसारखा तापतो, आत ईथरचा वास डोक्यात भिनतो. पाणी गढूळ असेल तर काचेवर ठिपके. आणखी एक गोष्ट. तेव्हा चित्र मोठं करून छापायची सोय सहजासहजी नव्हती. सहसा काच कागदावर ठेवूनच छाप घेत. म्हणजे चित्र जेवढं मोठं हवं तेवढी काच मोठी, तेवढा कॅमेरा मोठा. शेकडो काचा, रसायनांच्या पेट्या, तंबू, ट्रायपॉड हे सगळं हमालांच्या खांद्यांवर. एखादा घसरला की महिन्याभराची मेहनत चक्काचूर.

हा पसारा घेऊन 1865 मध्ये थॉमसन सयामला गेला. सिंगापूरचा स्टुडिओ त्याने विकून टाकला होता. बँकॉकमध्ये राजा मोंगकुट स्वतः विज्ञानाचा आणि खगोलशास्त्राचा अभ्यासक. त्याने छायाचित्राला होकार दिला. राजा आधी शुभ्र वस्त्रात आला, प्रार्थनेला बसलेल्या अवस्थेत चित्र हवं म्हणाला. मग मन बदललं, आत गेला आणि फ्रेंच सेनापतीच्या धाटणीचा गणवेश चढवून परत आला. हा प्रसंग थॉमसनने पुढे आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवला. युरोपच्या सत्ता सयामच्या दोन्ही अंगांना येऊन ठेपल्या होत्या. आपण जगाला कसं दिसावं याचा विचार तो राजा करत होता, आणि त्यासाठी त्याला कॅमेऱ्याचा उपयोग कळला होता.

बँकॉकहून थॉमसन अंगकोरकडे निघाला. ब्रिटिश वकिलातीतला केनेडी नावाचा अधिकारी बरोबर होता. बैलगाड्या, घोडी, हत्ती, नद्यांतून होड्या, असा प्रवास. वाटेत थॉमसनला जंगली तापाने गाठलं आणि तो मरता मरता वाचला. तरी तो मागे फिरला नाही. 1866 च्या सुरुवातीला अंगकोर वाटच्या दगडी पुलावर त्याने ट्रायपॉड उभा केला. त्या मंदिरांची सर्वांत जुनी छायाचित्रं आज ज्ञात आहेत ती त्याने तेव्हा घेतलेली. अंगकोर वाटच्या लांबच लांब भिंतींवर समुद्रमंथन कोरलेलं आहे, कुरुक्षेत्र कोरलेलं आहे, लंकेची लढाई आहे. महाराष्ट्रातल्या कीर्तनांत घराघरांत पोचलेल्या या कथा मेकाँगच्या खोऱ्यात दगडावर कोरलेल्या आहेत, आणि त्यांची छबी उतरवून जगापुढे मांडायचं काम तंबाखूवाल्याच्या मुलाने केलं. 1867 साली एडिंबऱ्यातच त्याचं कंबोडियाच्या प्राचीन वास्तूंवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं, आत खरीखुरी छायाचित्रं चिकटवलेलं. रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्याआधीच त्याला आपला सदस्य करून घेतलं होतं.

मायदेशाहून दुसऱ्या खेपेला तो आशियात आला तेव्हा हाँगकाँगला राहिला. 1868 मध्ये तिथे स्टुडिओ काढला, त्याच वर्षी इझाबेल पेट्री हिच्याशी लग्न केलं. पुढची चार वर्षं चीनची.

त्याच्या चीनमधल्या भटकंतीतला एक प्रसंग चाओझोऊच्या पुलावरचा. हान नदीवरचा तो जुना पूल, वर दुकानं आणि घरं उभी. गर्दी टाळावी म्हणून थॉमसन भल्या पहाटे पोचला. तरी लोक जमले. परदेशी माणूस, काळ्या कापडाखाली डोकं खुपसलेला, समोर एका डोळ्याची पेटी. या पेटीत माणसाचं आयुष्य ओढून घेतलं जातं, चित्र काढलेला माणूस लवकर मरतो, अशी समजूत त्या भागात पसरलेली होती. दगड आणि चिखल यायला लागला. थॉमसनने ट्रायपॉडची टोकदार बाजू पुढे धरली, कॅमेरा कवटाळला आणि मागे मागे सरत होडी गाठली. झटापटीत लेन्सचं झाकण गेलं. काच मात्र शाबूत राहिली. ते चित्र आजही पाहायला मिळतं.

या लोकांचा राग अडाणीपणाचा म्हणून सोडून देता येत नाही. 1842 आणि 1860 मध्ये संपलेल्या लढायांनंतरच्या तहांनी चीनची बंदरं बळाने उघडली गेली होती. तोफांच्या मागोमाग व्यापारी आले, मिशनरी आले, त्यांच्या मागोमाग कॅमेरा आला. थॉमसनला हिंडता आलं तेच मुळी त्या तहांमुळे. त्याच्या लिखाणात त्या काळच्या गोऱ्या माणसाची मापं जागोजागी दिसतात, काही परिच्छेद आज वाचवत नाहीत. फलकाचा सन्मान करताना हेही बोललं पाहिजे.

पण त्याच्या काचा त्याच्या शब्दांपेक्षा उदार आहेत. बेजिंगमध्ये त्याने साम्राज्याचा कारभार पाहणारा राजपुत्र गोंग याचं चित्र घेतलं, आणि त्याच शहरात रस्त्यावरच्या फेरीवाल्यांचंही. भिकारी, नावाडी, नवरी, देवळातले भिक्षू. एप्रिल 1871 मध्ये डॉ. मॅक्सवेल या वैद्यकीय मिशनऱ्याबरोबर तो तैवानच्या दक्षिण भागात उतरला आणि डोंगराकडच्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांत पोचला. बाळाला घेतलेली तिथली एक आई त्याच्या चित्रात दिसते. मिन नदीतून तो फूझोऊच्या परिसरात फिरला. यांगत्से नदीच्या घळ्यांत होडीतून वर गेला, जिथे माणसं दोरांनी होड्या ओढत. 1873-74 मध्ये त्याच्या चीनविषयीच्या ग्रंथाचे चार खंड लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. दोनशे छायाचित्रं, प्रत्येकाला जोडून मजकूर. छायाचित्र आणि लेखन बरोबरीने चालवायची ही रीत पुढे सचित्र नियतकालिकांची रीत झाली.

लंडनला परतल्यावर तो ब्रिक्स्टनमध्ये राहिला. आता साहस संपलं असं कुणालाही वाटलं असतं. 1877 मध्ये अ‍ॅडॉल्फ स्मिथ या पत्रकाराबरोबर त्याने लंडनच्या रस्त्यावरच्या जीवनावर मासिक अंक काढायला सुरुवात केली. एकूण छत्तीस छायाचित्रं. फुलवाल्या, बूटपॉलिशवाले, जुने कपडे विकणारे, धुराडी साफ करणारे. टेम्सच्या पुराने लॅम्बेथमध्ये उद्ध्वस्त झालेली कुटुंबंही त्यात आहेत. कलकत्त्याच्या वादळानंतर तेरा वर्षांनी पाण्याने मोडलेल्या माणसांपुढे तो पुन्हा उभा होता, या वेळी साम्राज्याच्या राजधानीत.

त्या मालिकेतलं एक चित्र मनातून जात नाही. दगडी पायरीवर दाराच्या कोपऱ्यात एक म्हातारी बसली आहे. डोक्यावरून घेतलेली शाल, मान एका बाजूला कललेली, डोळे जवळजवळ मिटलेले. मांडीवर शालीत गुंडाळलेलं तान्हं मूल झोपलं आहे. बाजूला किटली आणि कप. ते मूल तिचं नव्हे. त्याची आई एका कॉफीच्या दुकानात कामाला जाते, तोवर म्हातारी मूल सांभाळते आणि बदल्यात तिला एक कप चहा नि थोडा पाव मिळतो. स्मिथच्या मजकुरात हा व्यवहार सांगितलेला आहे. तिच्यासारख्या बायकांना लोक ‘रांगणाऱ्या’ म्हणत, कारण अंगात चालायची ताकद नसल्याने चहासाठी गरम पाणी आणायलाही त्यांना सरपटत जावं लागे. कितीतरी वर्षं आशियातल्या माणसांना ‘नमुने’ म्हणून दाखवल्यावर थॉमसनने तोच कॅमेरा आपल्या घरच्या दाराकडे वळवला. यासाठी चाओझोऊच्या पुलापेक्षा कमी धैर्य लागलं नसणार.

ती म्हातारी एका शिंप्याची विधवा होती, एवढं मजकुरातून कळतं. नाव कळत नाही. तैवानमधल्या आईचंही नाही, यांगत्सेवर दोर ओढणाऱ्यांचं नाही, काचांच्या पेट्या वाहणाऱ्या हमालांचं नाही. त्यांची घरं सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी फलक कुठे लावायचा?

नंतरच्या वर्षांत थॉमसनला प्रतिष्ठा मिळाली. 1878 मध्ये तो सायप्रसला जाऊन आला. 1881 मध्ये व्हिक्टोरिया राणीचा छायाचित्रकार म्हणून त्याची नेमणूक झाली आणि उमरावांची रीघ त्याच्या स्टुडिओत लागली. पण त्याच्या आयुष्यातलं मोलाचं काम वेगळंच होतं. 1886 पासून तो रॉयल जिओग्राफिकल सोसायटीत प्रवाशांना छायाचित्रण शिकवू लागला. इझाबेला बर्ड ही प्रसिद्ध प्रवासी साठीच्या घरात त्याच्याकडे शिकायला आली आणि पुढे यांगत्सेच्या खोऱ्यातून स्वतःची छायाचित्रं घेऊन परतली. ब्रायसनच्या कर्मशाळेत उमेदवारी करून जे मिळालं ते थॉमसनने तसंच, हाताला हात लावून, पुढे दिलं.

1921 मध्ये तो वारला. त्याच्या सहाशेहून अधिक काचेच्या निगेटिव्ह औषध उद्योजक हेन्री वेलकम याच्या संग्रहाने घेतल्या आणि लाकडी पेट्यांत त्या जपल्या गेल्या. लंडनमधल्या स्ट्रेटहॅमच्या दफनभूमीत त्याची कबर मात्र दुर्लक्षित राहिली. 2019 मध्ये त्याच्या कामावर प्रेम करणाऱ्या मंडळींनी ती दुरुस्त करून घेतली, आणि त्यानंतर ब्रायटन स्ट्रीटवरच्या घराला फलक मिळाला.

या दोन्ही गोष्टींच्या आधी, 2009 साली, त्याच्या चीनमधल्या चित्रांचं प्रदर्शन बेजिंगमध्ये भरलं. काचेवरचा तपशील इतका बारीक की छाप माणसाच्या उंचीएवढे मोठे केले तरी फुटत नाहीत. वस्त्रांवरची नक्षी दिसते, बोटांवरच्या सुरकुत्या दिसतात, पापण्या मोजता येतात. दीडशे वर्षांपूर्वी त्या काचा वाळायच्या आत तंबूत पोचल्या म्हणून त्या माणसांचे चेहरे त्यांच्याच शहरात परत आले. भिंतीवर राजपुत्र गोंग होता, आणि त्याच भिंतींवर नाव नसलेले नावाडी, फेरीवाले आणि नवऱ्या, तेवढ्याच मोठ्या चौकटींत.